म्हार्दोळची श्री म्हाळसा नारायणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माघ जवळ आला की आणि मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबई, पुणे, बेळगाव, कारवारकडची माणसे म्हार्दोळला यायला निघतात आणि मला निरोप यायला लागतात. आमचे घर देवळापासून चालत दहा मिनिटांवर. लहानपणापासून या आवारात वावरले, त्यामुळे नातेवाईक, त्यांचे शेजारी, शेजाऱ्यांच्या ओळखीचे, सगळे मलाच विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात. ते विचारले गेले तसेच इथे लिहिले आहेत. एखादे उत्तर दुसऱ्या प्रश्नात आले असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. म्हाळसेचे देऊळ नेमके कुठे आहे? कसे यायचे?

फोंडे तालुक्यात, प्रियोळ गावातल्या म्हार्दोळ वाड्यावर. पणजीहून फोंड्याकडे येणाऱ्या हमरस्त्यालाच लागून आहे. पणजीहून साधारण वीस-बावीस किलोमीटर, फोंडे शहरापासून सात-आठ. पणजी-फोंडे बसमध्ये बसून कंडक्टरला ‘म्हार्दोळ’ सांगितले की पुरते. मंगेशीचा थांबा अगदी जवळ आहे, त्यामुळे पुष्कळजण मंगेशीचे दर्शन घेऊन चालतच इकडे येतात. रेल्वेने येणाऱ्यांनी करमळी किंवा मडगावला उतरावे.

२. नाव नक्की काय? महालसा, म्हाळसा की म्हाळसा नारायणी?

तिन्ही एकाच देवीची नावे. बोलताना म्हाळसा, पूजेत आणि पत्रिकेत श्री म्हाळसा नारायणी. ‘नारायणी’ हा नुसता मानाचा शब्द समजू नका. ही देवी नारायणाचे, म्हणजे विष्णूचे रूप आहे, हे त्यातून सांगायचे असते. त्याची कथा चौथ्या प्रश्नात आहे.

३. ही जेजुरीच्या खंडोबाची म्हाळसाच ना?

घाटावरून येणारा प्रत्येकजण हे विचारतो. कोणी तर भंडारा घेऊनच येतात. त्यांच्या भक्तिभावाला कोणी नावे ठेवू नयेत, पण उत्तर सरळ ‘हो’ असे नाही.

खंडोबाची म्हाळसा ही नेवाशाच्या तिमशेट नावाच्या लिंगायत वाण्याची लेक. पालीला पौष पौर्णिमेला तिचे खंडोबाशी लग्न लागते. तिला पार्वतीचा अवतार मानतात, म्हणजे ती शिवाच्या घरची. म्हार्दोळची म्हाळसा मात्र मोहिनी, म्हणजे विष्णूचेच स्त्रीरूप. तिचा कोणी पती नाही, आणि गोव्यातले तिचे कुळावी (ज्यांची ती कुलदेवता ते) तिला खंडोबाची पत्नी म्हणून पूजत नाहीत.

मग नाव एक कसे? इथे नेवाशाकडे बघावे लागते. प्रवरेच्या काठी, ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या नेवाशाला मोहिनीराजाचे प्रसिद्ध मंदिर आहे. म्हणजे मोहिनी आणि म्हाळसा ही दोन्ही नावे एकाच गावात नांदतात. मोहिनीचे रूप पाहून शंकर मोहित झाला, ही कथा पुराणांत आहेच. तिचा धागा धरून मोहिनी हीच पुढे म्हाळसा होऊन मार्तंडाच्या, म्हणजे खंडोबाच्या घरी आली, असेही काहीजण सांगतात. लोकांच्या मनात दोन्ही म्हाळसा फार जुन्या काळापासून एकमेकींजवळ आहेत, पण त्यांची पूजा, त्यांचे सण आणि त्यांच्या मूर्ती वेगळ्या आहेत. जेजुरीचा कुलधर्म जेजुरीला करावा, आणि इथे मोकळ्या मनाने दर्शन घ्यावे.

४. देवीच्या पायाखाली कोण आहे? हातात मुंडके का?

मूर्तीला चार हात. एकात त्रिशूळ, एकात तलवार, एकात कापलेले शिर आणि एकात पात्र. पायाखाली पालथा पडलेला दैत्य, आणि शिरातून गळणारे रक्त चाटणारा वाघ. काहीजण त्याला सिंह म्हणतात. एवढे उग्र रूप आणि तिला मोहिनी म्हणायचे, याचे नव्याने येणाऱ्यांना नवल वाटते.

कथा समुद्रमंथनाची आहे. अमृत वर आले आणि दैत्यांनी ते पळवले. तेव्हा विष्णूने मोहिनीचे रूप घेतले आणि वाटप आपल्या हाती घेतले. देव एका पंगतीत, दैत्य दुसऱ्या पंगतीत. मोहिनी देवांच्या पंगतीत वाढत चालली. एका दैत्याच्या हे ध्यानात आले. तो वेष पालटून सूर्य आणि चंद्र यांच्या मधे जाऊन बसला आणि अमृताचा घोट त्याच्या तोंडात पडला. सूर्य-चंद्रांनी खूण केली, त्याच क्षणी विष्णूने त्याचा शिरच्छेद केला. पण अमृत कंठापर्यंत गेले होते. म्हणून शिर राहू होऊन अमर झाले आणि धड केतू. चुगली केली म्हणून राहू अजून सूर्य-चंद्रांना गिळायला धावतो, तेच ग्रहण.

गोव्यातले भाविक या देवीला राहूमथनी म्हणतात. हातातले शिर राहूचे. आमची आजी हे सांगताना नेहमी पंगतीवर यायची. ‘पंगतीत जो लबाडी करतो त्याला देवी ओळखते,’ म्हणायची. मूर्तीसमोर उभी राहिले की मला अजून आधी ती पंगतच दिसते, शिर नंतर.

५. देवी आहे तर गळ्यात जानवे कसे?

चौथ्या प्रश्नाच्या उत्तरातच याचे कारण आहे. ही विष्णूच आहे, म्हणून तिला यज्ञोपवीत घालतात. बाकी सगळा साज देवीचा असतो: पातळ, दागिने, वेणीची फुले. दर्शनाला गेलात तर पूजा कशी बांधली आहे ते नीट पाहा. एकाच मूर्तीत जानवे आणि हिरवे पातळ शेजारी दिसते. माझ्या भाचीने सहाव्या वर्षी भटजींना विचारले होते, ‘हा देव की ही देवी?’ ते म्हणाले, ‘बाय, तू हाक मार. ज्याने ऐकली तो देव, जिने ऐकली ती देवी.’ याहून चांगले उत्तर मला आजवर सुचलेले नाही.

६. देवीचे मूळ स्थान इथलेच का?

नाही. मूळ स्थान साष्टी महालात, जुवारी नदीपलीकडच्या वेर्णे गावात. वेर्ण्याला वरुणापूर असेही म्हणत. तिथल्या जुन्या जागेची एक आख्यायिका सांगतात: देवी गुराख्याला दिसली, आणि तिने पैंजणाचा पाय टेकला तिथे पाणी लागले. म्हणून त्या पाण्याला नूपुर तीर्थ म्हणायचे.

साष्टी आणि बारदेश १५४३ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तिथली देवळे एकामागून एक पाडली गेली. इन्क्विझिशन १५६० साली आले. वेर्ण्याचे म्हाळसेचे देऊळ १५६७ साली पाडले गेले. त्याआधीच मूर्ती हलवून नदीपार अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंडे तालुक्यात आणली होती. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० साली याच वाटेने प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, लोटलीचा रामनाथ रामनाथीला, सांकवाळचा लक्ष्मीनृसिंह वेलिंगला.

इथे दोन शब्द जास्त लिहिते, कारण ‘देव हलवले’ असे वाचून पुढे जायची सवय झाली आहे. दगडाची किंवा धातूची मूर्ती, तिचे अलंकार, पूजेची भांडी, हे सगळे रात्री होडीत घालायचे. मागे घर, शेत, माड, बागायत सोडायची. पलीकडे ज्याच्या ओळखीवर उतरायचे त्याने दार उघडले नाही तर काय, हे कोणाला माहीत? फोंडे तालुक्यातली इतकी देवळे एकमेकांच्या जवळ का, असे पर्यटक विचारतात. एका घराला आग लागली की सगळे आसऱ्याला शेजारच्या अंगणात जमतात, तशी ही देवळे जमली आहेत.

७. फोंडे पण गोव्यातच. मग इथे पोर्तुगीजांनी देवळे का पाडली नाहीत?

कारण तेव्हा फोंडे पोर्तुगीजांचे नव्हते. सोळाव्या शतकात अंत्रूज विजापूरच्या आदिलशहाकडे होते. पुढे शिवाजी महाराजांनी १६७५ साली फोंड्याचा किल्ला घेतला. नंतर हा मुलूख सौंदेकर राजांकडे राहिला आणि १७६३ च्या सुमारास पोर्तुगीजांकडे गेला. म्हणून तिसवाडी, बारदेश, साष्टी या जुन्या काबिजादी (काबिजाद म्हणजे पोर्तुगीजांनी जिंकलेला मुलूख) आणि फोंडे, डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे, काणकोण या नव्या काबिजादी, असा भेद गोव्यात अजून बोलण्यात येतो. नव्या काबिजादी येईपर्यंत दोनशे वर्षे उलटली होती आणि राज्यकर्त्यांचे धोरणही बदलले होते. इथली देवळे राहू दिली गेली.

८. वेर्ण्यात आता काय आहे?

जुन्या जागेला अजून ‘जुने म्हार्दोळ’ म्हणतात आणि तिथे आता म्हाळसेचे नवे देऊळ उभे आहे. म्हणजे देवी इकडे येताना वाड्याचे नावही घेऊन आली. मडगाव-पणजी रस्त्याने जाता-येता तिथे थांबता येते. दोन्ही ठिकाणी जाणाऱ्यांनी आधी वेर्णे आणि मग म्हार्दोळ असे यावे, असे मी सुचवते. मधे जुवारी ओलांडावी लागते. पुलावरून गाडी दोन मिनिटांत जाते, पण खिडकीतून पाण्याची रुंदी पाहून घ्या.

९. गोव्यातली देवळे इतर ठिकाणांसारखी का दिसत नाहीत? चर्चसारखी का वाटतात?

ज्यांनी फक्त हेमाडपंती किंवा द्राविडी देवळे पाहिली आहेत त्यांना हा प्रश्न पडतोच. जुने गोमंतकीय देऊळ कसे होते ते पाहायचे असेल तर तांबडी सुर्ल्याला जावे. कदंबांच्या काळचे, काळ्या पाषाणातले महादेवाचे देऊळ तिथे रानात उभे आहे. पण तसे देऊळ गोव्यात एकच शिल्लक आहे. फोंड्याची देवळे स्थलांतरानंतरची, आणि आज दिसते ते बांधकाम बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले आणि त्यानंतरच्या डागडुजीचे.

बांधकाम चिऱ्याचे. चिरा म्हणजे जांभा दगड. तो खणताना मऊ असतो, वारा लागला की कठीण होतो. बारीक नक्षी त्यात निघत नाही, म्हणून वर चुन्याचा गिलावा आणि रंग. नक्षीची हौस लाकडात भागवलेली. पाऊस चार महिने कोसळतो म्हणून छपरे उतरती आणि कौलारू. घुमट, कमानी, कठडे यांवर विजापूरचा आणि चर्चचा, दोन्हींचा हात फिरलेला दिसतो. गवंडी आणि सुतार इथलेच होते, डोळ्यांसमोर जे उभे राहत होते त्यातले त्यांनी घेतले. याला कोणी ‘मिश्रण’ म्हणून कमी लेखू नये. पाडलेले पुन्हा बांधताना माणसे हाताशी असलेलेच सामान घेतात.

म्हार्दोळला सभामंडपात पाऊल टाकल्यावर मान वर करा. कोरीव लाकडी खांब आणि वर विष्णूच्या दहा अवतारांच्या रंगीत आकृती आहेत. मत्स्यापासून सुरू करून कल्कीपर्यंत मुलांकडून ओळखून घ्या, अर्धा तास सहज जातो. आतली गर्दी ओसरायची वाट बघणाऱ्यांसाठी याहून चांगला उद्योग नाही.

बाकी रचना गोव्यातल्या मोठ्या देवळांची नेहमीची: पुढे प्राकार, तुळशी वृंदावन, दीपस्तंभ, चौघडा वाजवायचा नगारखाना, भाविकांना उतरायला अग्रशाळा, आणि तळी, म्हणजे देवळाचे तळे.

१०. देवळासमोरचा तो सोनेरी खांब काय आहे?

खांब नव्हे, समई आहे. पितळेची, सुमारे चाळीस फूट उंच, एकावर एक एकवीस कडी. तळाशी कासव, म्हणजे कूर्मावतार. माथ्यावर गरुड. विष्णूच्या देवळात गरुड समोर असायचा तो इथे समईच्या टोकावर जाऊन बसला आहे.

शेजारी चुन्यात बांधलेला गोव्याच्या पद्धतीचा दीपस्तंभही आहे. पण डोळा जातो तो पितळेवर. सकाळी उन्हात तिच्याकडे बघवत नाही. खरे रूप जत्रेच्या रात्री, कडी पेटली की. खालच्या कड्यांवरून तेलाचे ओघळ कासवाच्या पाठीवर येतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे हात लावला तर बोट मऊ काळे होते. लहानपणी आम्ही ते बोट एकमेकांच्या कपाळाला पुसायचो. ज्योती वाऱ्याने एकाच बाजूला झुकतात तेव्हा सगळी समई हलल्यासारखी वाटते.

११. इथल्या घंटेला लोलक नाही म्हणतात. चोरीला गेला का?

नाही, मुद्दाम काढून ठेवलेला असे. ही घंटा दर्शनाला आल्यावर वाजवायची नव्हेच. भांडणतंटा, देण्याघेण्याचा वाद, खरेखोटे ठरेना, अशा वेळी माणूस देवीसमोर शपथ घ्यायला उभा राही. तेव्हाच घंटेला लोलक लावत आणि त्या घंटेच्या साक्षीने त्याने बोलायचे. खोटे बोलणाऱ्याला देवी तीन दिवसांत शासन करते अशी श्रद्धा. पोर्तुगीज अमलात इथली साक्ष न्यायालयही मानत असे, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

ज्या सरकारच्या माणसांनी वेर्ण्याचे देऊळ पाडले त्याच सरकारच्या कचेरीत देवीची घंटा पुरावा ठरावी, ही गोष्ट वडील सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. राहूची लबाडी पकडणारी देवी आणि खोट्याची घंटा, हे दोन्ही एकाच देवळात असणे मला योगायोग वाटत नाही.

१२. आवारात आणखी कोणते देव आहेत? आधी कोणाचे दर्शन घ्यावे?

मुख्य देवळाशेजारी शांतेरी आणि लक्ष्मीनारायण यांची देवळे आहेत. शांतेरी ही गोव्याच्या मातीतली भूमिदेवता. वारुळाच्या रूपात तिची पूजा गावोगाव होते. स्थलांतरित देव कुठेही आले तरी त्या जागेच्या शांतेरीचा मान राखतात. म्हणून आम्ही आधी तिथे हात जोडतो, मग म्हाळसेकडे जातो. उलट केलेत म्हणून दोष लागत नाही. पण परक्या घरात शिरताना आधी घरमालकिणीला हाक मारायची, एवढी रीत पाळली की बरे वाटते.

१३. वर्षातले मोठे उत्सव कोणते? कधी यावे?

म्हाळसेचा वार रविवार. दर रविवारी संध्याकाळी उत्सवमूर्ती पालखीत बसते आणि वाजतगाजत देवळाला प्रदक्षिणा होते. गर्दी नको आणि उत्सवही पाहायचा असेल, तर रविवार संध्याकाळ सगळ्यात चांगली.

मोठी जत्रा माघात. मंगेशीची जत्राही माघातच, पौर्णिमेच्या आधी सप्तमीपासून सुरू होऊन पौर्णिमेला महारथ निघतो. त्यामुळे त्या महिन्यात हा सगळा पट्टा जागा असतो. जत्रेत खाजे, चणे, लाडू यांची दुकाने. रात्री नाटक. गोव्यात देवळाच्या उत्सवाला मराठी नाटक आणि कीर्तन हे जेवणातल्या मिठासारखे. मराठी संगीत रंगभूमीवर गाजलेले मास्टर दीनानाथ १९०० साली इथून हाकेच्या अंतरावर मंगेशीला जन्मले, ते काही उगीच नव्हे. या मंडपांत गाणे कानावर पडतच मुले वाढायची.

नवरात्र आणि जायांची पूजा यांबद्दल खाली वेगळे लिहिले आहे. तारखा तिथीप्रमाणे असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या वर्षाचे पंचांग पाहा किंवा देवस्थानच्या कचेरीत विचारा. मागच्या वर्षीची तारीख धरून आलेली कितीतरी मंडळी मी रिकाम्या मांडवात उभी पाहिली आहेत.

१४. नवरात्रातले ‘मखर’ म्हणजे गणपतीचे मखर का?

शब्द तोच, प्रकार वेगळा. फोंड्याच्या देवळांत नवरात्रात उत्सवमूर्ती सजवलेल्या मखरात बसवतात आणि ते मखर झोपाळ्यासारखे टांगलेले असते. रात्री कीर्तन संपले की वाद्ये सुरू होतात, आरती होते आणि मखर पुढेमागे झुलवतात. रोज देवीची पूजा निराळ्या रूपात बांधतात. आजचे रूप काय, हे पडदा बाजूला होईपर्यंत कळत नाही.

सनई, चौघडा, झांजा, घंटा, सगळे एकदम. लय वाढत जाते तसे मखर वर चढते आणि मूर्ती क्षणभर दिव्यांच्या उजेडात येऊन पुन्हा मागे जाते. मागे उभे राहिलात तर फक्त डोकी दिसतील. कीर्तनालाच येऊन बसा. कीर्तन चुकवून मखराला धावत येणाऱ्यांना जागा मिळत नाही, आणि ते योग्यच आहे.

१५. जायांची पूजा काय असते?

जायो म्हणजे जाईची फुले. म्हार्दोळच्या जाया गोवाभर नावाजलेल्या. पणजीच्या बाजारात फुलवाली ‘म्हार्दोळची’ म्हणाली की बायका भाव करत नाहीत. पावसाच्या दिवसांत जाई बहरात असते, आणि त्याच मोसमात एक दिवस देवीला जायांची पूजा बांधतात. फुलांची शेती करणाऱ्या घरांचा हा मुख्य सण.

ही फुले कळी असतानाच खुडावी लागतात. दुपारी वेलीवर हिरवट पांढऱ्या कळ्या, देठाकडे फिकट जांभळी झाक. त्या केळीच्या सोपट्याच्या धाग्यात गुंफायच्या. धागा आधी ओला करून बोटाने चिरून घ्यायचा, नाहीतर तुटतो. दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, मधे फास. आमच्या शेजारच्या काकी गप्पा मारत, हाताकडे न बघता फाती, म्हणजे फुलांच्या माळा करतात. तिन्हीसांजेला देवळात पोहोचेपर्यंत कळ्या उमलतात. म्हणजे देवीच्या अंगावर फूल उमलते, वेलीवर नाही. त्या रात्री गाभाऱ्याकडून येणारा वास बाहेर समईपर्यंत असतो.

एकच विनंती. बाहेरगावाहून येताना प्लॅस्टिकची किंवा कागदाची फुले आणू नका. वाटेत एखादी फाती विकत घ्या, ज्या घरांनी ही वेल टिकवली आहे त्यांच्या हातात चार पैसे पडतील.

१६. आजोबा म्हणायचे आपली कुलदेवता म्हाळसा. पण गाव, देवळाचे नाव काही माहीत नाही. म्हार्दोळलाच यायचे का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि अनेकदा फार गलबलून विचारलेला.

आधी घरातला कुलधर्म आठवा. तळी भरणे, भंडारा, चंपाषष्ठी असेल तर तुमची म्हाळसा बहुधा खंडोबाची (प्रश्न ३ पाहा). मूळ गोव्याचे असाल, आडनाव गावावरून असेल, घरी कोंकणी बोलत असाल, कारवार-मंगळुरूकडे वस्ती असेल, तर म्हार्दोळची शक्यता मोठी. देवीबरोबर सगळे कुळावी अंत्रूजला आले नाहीत. बरेचजण दक्षिणेकडे गेले आणि तिथे त्यांनी म्हाळसेची देवळे उभी केली. गोकर्णाजवळचे मादनगेरी आणि उडुपीकडचे हरिखंडिगे ही त्यांतली ओळखीची नावे. तिकडची मंडळी मूळ देवी म्हणून म्हार्दोळला येतात.

घरच्या जुन्या पत्रिका, देवघरातले टाक, आत्या-मावशांच्या आठवणी यांत बहुतेक वेळा उत्तर सापडते. आत्यांना विचाराच. लग्नात ‘कुलदेवतेचे नाव घ्या’ म्हटल्यावर काय म्हटले गेले ते बायकांच्या लक्षात असते. कुठेच पत्ता लागला नाही तर देवळात येऊन भटजींना किंवा कचेरीत आडनाव, गोत्र आणि मूळ गाव सांगा.

१७. कुळावी आणि महाजन यांत फरक काय?

ज्या घराची ती कुलदेवता, ते कुळावी. महाजन हा कायदेशीर शब्द. देवस्थानच्या कातालोगात, म्हणजे महाजनांच्या नोंदवहीत ज्यांची नावे आहेत ते महाजन. त्यांना समितीच्या निवडणुकीत मत असते. गोव्यातली देवस्थाने १९३३ च्या पोर्तुगीज काळातल्या देवस्थान कायद्याखाली चालतात. १९६१ च्या मुक्तीनंतरही तोच कायदा राहिला, आणि तालुक्याचा मामलेदार हा सरकारतर्फे देवस्थानांचा प्रशासक. दर्शन, पूजा, नवस यांसाठी महाजन असण्याची काहीच गरज नाही.

१८. ‘प्रसाद’ घेतला म्हणतात तो खाण्याचा प्रसाद का?

नव्हे, तो कौल. लग्न, घर, नोकरी, आजारपण यांत मन अडले की देवीला विचारतात. भटजी मूर्तीवर पाकळ्या लावतात, तुमचे गाऱ्हाणे घालतात आणि वाट बघतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार किंवा थांब. प्रश्न एकच, स्पष्ट आणि हो-नाहीचा असावा. ‘माझे काय होईल’ असले प्रश्न घालू नयेत. आणि एकदा डावा प्रसाद झाला की पुन:पुन्हा तोच प्रश्न विचारून उजवा मिळवायचा नसतो.

१९. हातात पानपात्र, समोर रक्त चाटणारा वाघ. मग नैवेद्य मांसाचा असतो का?

नाही. नैवेद्य पूर्ण शाकाहारी. ओटीला खण, नारळ, तांदूळ, फुले, नेहमीसारखेच. देवीला जानवे आहे म्हणून ओटी चालत नाही असे कोणी सांगितले तर ऐकू नका.

२०. कपडे, फोटो, सोयर-सुतक यांचे नियम काय?

खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे, चपला बाहेर. गाभाऱ्याकडे कॅमेरा वळवू नये. समईचे फोटो सगळेच काढतात. सोयर-सुतकात आमच्याकडे देवळात जात नाहीत, रस्त्यावरूनच हात जोडतात. दूरवरून आलात आणि वाटेत बातमी कळली, तर तसेच करा. आमच्या एका मामेबहिणीने समईच्या टोकावरचा गरुड रस्त्यावरून पाहून नमस्कार केला आणि गाडी वळवली. तिची यात्रा पोहोचली असेच आम्ही सगळे धरतो.

२१. लईराईच्या सात बहिणींत म्हाळसा आहे का?

नाही. त्या बहिणी म्हणजे शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई आणि इतर. त्यांतली मिराबाई म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरीमाता झाली असे मानतात. ती कथा फार गोड आहे, पण तिचा या देवळाशी संबंध नाही.

२२. एका दिवसात आणखी कोणती देवळे होतील?

सकाळी मंगेशी, मग म्हार्दोळ, मग वेलिंगचा लक्ष्मीनृसिंह. ही तिन्ही इतकी जवळ आहेत की चालत होतील. दुपारनंतर बांदिवड्याची महालक्ष्मी आणि नागेशी, तिथून रामनाथी आणि कवळ्याची शांतादुर्गा. नागेशी चुकवू नका. तो देव स्थलांतरित नाही, जागचाच आहे, आणि तिथला शिलालेख १४१३ सालचा आहे. लाकडावर कोरलेली रामायणातली दृश्ये तिथे आहेत. पण सातही एका दिवसात उरकायची असतील तर कुठल्याच देवळाची तळी पाहायला वेळ राहणार नाही. मी असते तर चारच केली असती.

२३. वेर्ण्यात नवे देऊळ झाले. मग जुना नवस तिथे फेडायचा की म्हार्दोळला?

जिथे बोललात तिथे. आजोबा-पणजोबांनी बोललेला, कुठे ते ठाऊक नाही, तर म्हार्दोळला फेडा. साडेचारशे वर्षे कुळाव्यांचे नवस इथेच येत आले आहेत. दोन्हीकडे नारळ ठेवणारेही पुष्कळ असतात. आमची आई वेर्ण्याच्या तळीचे पाणी लहान बाटलीत भरून आणायची आणि इथे तुळशीत घालायची. हे तिला कोणी सांगितले होते असे नाही. आता मी आणते.